राखीव पैसे मोडून नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

प्रश्न: माझ्याकडे आरटीएक्स ३०७० आहे. मॉनिटर १४४०पी रिझोल्यूशनचा, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग) ६५० वॅटचा. नवे गेम अडखळतात. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे. त्यातले निम्मे काढून आणि उरलेली रक्कम १२ बिनव्याजी हप्त्यांत भरून ५०७० टीआय घेऊ का?

उत्तर: आत्ता घेऊ नका. कार्ड उत्तम आहे, पण त्यासाठी काढताय ते पैसे त्या कामाचे नाहीत. तीन महिन्यांची तरतूद मुळातच तोकडी. ती निम्मी केली आणि वर हप्ता लागला, तर पगार थांबल्यावर दुहेरी कोंडी होईल.

बिनव्याजी हप्त्यांचा हिशेबही तपासा. बऱ्याचदा रोखीवरची सूट त्यात मिळत नाही. रोख किंमत १०० आणि १२ हप्त्यांची बेरीज १०६ असेल, तर व्याज वर्षाला ६ नव्हे, सुमारे ११ टक्के पडतं, कारण मुद्दल दरमहा फिटत असतं. प्रक्रिया शुल्क वेगळं.

शिवाय खर्च कार्डापाशी थांबत नाही. ३०७० २२० वॅट घेतं, ५०७० टीआय ३००. त्यासाठी या कार्डांची कंपनी एनव्हिडिया ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, म्हणजे तोही बदलणं आलं. रोज तीन तास पूर्ण भाराने खेळलात, तर वर्षाला साधारण ८८ युनिट वीज जास्त लागेल.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा. खेळताना व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर आणि फ्रेमटाइम (एक चित्र म्हणजे फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ) स्क्रीनवर दिसू द्या. व्हीरॅमचा वापर ३०७० च्या पूर्ण ८ जीबीला भिडत असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये फक्त टेक्स्चर (पृष्ठभागांच्या चित्रांचा दर्जा) एक पायरी खाली आणून गेम पुन्हा सुरू करा. अडखळणं थांबलं, तर कमी पडतेय ती मेमरी. जीपीयू ७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल आणि फ्रेमची मर्यादा लावलेली नसेल, तर अडसर बहुतेक प्रोसेसरचा. नव्या कार्डाने फारसा फरक पडणार नाही. एनव्हिडियाच्या डीएलएसएस ४ तंत्राचं सुधारित अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणं) ३०७० वरही चालतं, ते जरूर वापरून पाहा. मल्टी फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये एआयने जादा फ्रेम घालणं) मात्र ५० मालिकेपुरतंच आहे. त्याने फ्रेमचा आकडा फुगतो, कंट्रोलचा प्रतिसाद जलद होत नाही. मूळ फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या खऱ्या फ्रेम) ६० च्या आसपास नसेल तर त्यासाठी पैसे मोजू नका.

हप्त्याएवढी रक्कम आजपासून दरमहा वेगळ्या खात्यात टाका. ती जड वाटली, तर हप्ताही जडच गेला असता. पैसे साठले की ५०७० टीआयसारखं १६ जीबी व्हीरॅमचंच कार्ड घ्या. १२ जीबीचं ५०७० स्वस्त असलं, तरी मेमरीची ओढाताण लवकर परत येईल. नवं कार्ड आठवडाभर नीट चालल्यावरच ३०७० विका.