यंत्र बनवायचं की हात धरायचा?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर तुमच्या सासऱ्यांचा उजवा हात अधू झाला. थेरपीला नेताना बारावीतला मुलगा सोबत असायचा. तिथे त्यांच्या मनगटांना सेन्सर बांधलेले त्याने पाहिले आणि तेव्हापासून 'मला हेच करायचंय' म्हणून बसलाय. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय आहेत. यात खरंच करिअर आहे की चार दिवसांचा नाद, असं तुम्ही विचारलंय.

नाद वाटत नाही. त्याच्या नजरेला काय पडलंय ते सांगते. हाताची तपासणी वर्षानुवर्षं साध्या साधनांनी होते: पकडीचा जोर मोजायला डायनॅमोमीटर, सांधा किती वाकतो ते बघायला गोनिओमीटर. एका चाचणीत नऊ खुंट्या नऊ भोकांत बसवून परत काढायच्या असतात, थेरपिस्ट स्टॉपवॉच लावून बसते. ही साधनं आजही कामाचीच आहेत. पण स्टॉपवॉच एकच आकडा देतं. बोटं कुठे अडखळली, हात पोचत नाही म्हणून पेशंट कमरेतून किती पुढे झुकला, हे त्या आकड्यात येत नाही. सेन्सर ते टिपू शकतो.

त्याहून मोठी गोष्ट घरी घडते. मी एका ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) विभागात पाहिलेले एक काका टेबलावरचा पेला अधू हाताने व्यवस्थित उचलायचे. चाचणी संपली आणि शर्टाचं बटण लावायला डावा हात पुढे आला, उजवा मांडीवर तसाच पडून. जमतं, पण वापरत नाहीत. दोन्ही मनगटांना ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर, बांधून दिवसभर ठेवला की हा फरक आकड्यात दिसू लागतो. मात्र चालताना हात नुसता झुलला तरी तो 'वापर' म्हणून मोजला जाऊ शकतो. म्हणून यंत्र बनवणाऱ्याला पेशंट कळायला हवा आणि थेरपिस्टला आकडा वाचता यायला हवा. दोन्ही येणारी माणसं थोडी आहेत, म्हणूनच मला तुमच्या मुलाचं कौतुक वाटतं.

आता वाटा. पेशंटजवळ बसायचं असेल तर ऑक्युपेशनल थेरपी किंवा फिजिओथेरपी. महाराष्ट्रात त्यासाठी 'नीट' परीक्षा द्यावी लागते. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात. सर्किट आणि प्रोग्रॅमिंग आवडत असेल तर सीईटी देऊन बायोमेडिकल इंजिनिअरिंग, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स. पुढे एम.टेक.साठीच्या 'गेट' परीक्षेत 2020 पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात. मला विचाराल तर बायोमेडिकलचं नाव कॉलेजच्या पाटीवर आहे एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. विद्यार्थ्यांना हॉस्पिटलमध्ये नेतात का, हे आधी विचारा. आणि नोकरीची घाई असेल तर इलेक्ट्रॉनिक्सला दारं जास्त आहेत, हेही मोकळेपणाने सांगते.

फॉर्म भरण्याआधी त्याला एक काम द्या. एक रविवार सकाळपासून आजोबांजवळ बसू दे. चहाचा कप, टॉवेल, चप्पल, बटणं, प्रत्येक वेळी कुठला हात पुढे आला ते वहीत लिहू दे, आणि आजोबांना सांगूनच. ती वही घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा.