कंपासपेटी हरवते तेव्हा

चि. मुली,

तुझं पत्र मिळालं. कंपासपेटी हरवली, मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "बाई, त्यानंच घेतली असणार, पारध्याचा आहे तो." तू "गप्प बसा" म्हणून धडा पुढे नेलास, आणि आता झोप लागत नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याही वर्गात असंच झालं. मी त्या पोराचं दप्तर उघडलं, एकट्याचंच. पेटी दुसऱ्या दिवशी मालकिणीच्या घरीच, पलंगाखाली सापडली. तो मात्र पुन्हा शाळेत आला नाही. चार दिवसांनी त्यांच्या वस्तीवर गेले, तर पालं उठून गेली होती.

म्हणून सांगते. त्या क्षणी एवढंच विचार, "घेताना पाहिलं कुणी? नाही ना? मग नाव घ्यायचं नाही." दप्तरं तपासू नकोस, कुणाचीच. सगळ्यांची तपासलीस तरी वर्गाचे डोळे एकाच दप्तरावर खिळतात.

खरं बोलणं दोन दिवसांनी कर, पेटीचा विषय न काढता. सातवीच्या पोरांना इतिहास झेपतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्याकडेही आला. माणसांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली जात. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, संशय राहिला. मग पोरांना विचार, पाळण्यातलं बाळ चोर कसं असेल? आणि थांब. त्यांना बोलू दे, वेडंवाकडं बोलली तरी.

त्या मुलाला "तुमच्यात कसं असतं ते सांग" असं चारचौघांत कधी विचारू नकोस. आपल्या अख्ख्या जमातीचा जबाब त्यानं का द्यावा? आणि जो बोलला त्यालाही दुष्ट ठरवू नकोस, ते वाक्य त्यानं घरातूनच आणलंय. त्याचे वडील भांडायला येतील. त्यांना चहा दे, पूर्ण ऐकून घे, मग शांतपणे सांग की शिक्षण हक्क कायद्यानं मुलाचा मानसिक छळ करायला बंदी आहे, आणि हे संरक्षण तुमच्या मुलालाही आहे. मुख्याध्यापकांना आधीच कल्पना दिलेली बरी.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस. तो मुलगा शाळेत येतोय का? उद्या हजेरी घेताना बघ. नसला तर शाळा सुटल्यावर लगेच त्याच्या पालावर जा. माझ्यासारखी चार दिवस थांबू नकोस.

तुझी,
बाई