मोबाइल काढून घेतलात, आता ती सांगेल कुणाला?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एक आई लिहितात, 'ताई, माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला हातावर कापून घेणाऱ्या मुलींचे व्हिडिओ येतात. तिनेच दाखवले. मी त्याच क्षणी मोबाइल काढून घेतला. सरकार असलं सगळं बंदच का करत नाही? रविवारची मराठी शाळा यंदा बुडली तर चालेल का? आणि सासूबाईंना यातलं काय सांगू?'

तुमच्या पोटात केवढा गोळा आला असेल, मला कळतं. पण मोठ्यांसाठी सगळं बंद करू नये, असंच माझं मत आहे. नाहीतर त्यातून सावरलेल्या माणसाचं अनुभवकथनही पुसलं जाईल. ब्रिटनच्या 2023 च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यात मुलांसाठी वेगळी रेघ आहेच. स्वतःला इजा करायला उत्तेजन देणारा मजकूर अठराखालच्यांपासून दूर ठेवणं ही कंपन्यांची जबाबदारी आहे. चुकल्यास ऑफकॉम ही तिथली नियामक संस्था 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या 10 टक्के, यातल्या मोठ्या रकमेपर्यंत दंड करू शकतं. त्या व्हिडिओंची तक्रार ॲपमध्ये आजच करा.

आता तुमच्यावर रागावते. 'तिनेच दाखवले' हे तुम्ही एका ओळीत उरकलंत! मॉली रसेल ही लंडनची मुलगी 2017 मध्ये चौदाव्या वर्षी स्वतःला इजा करून घेऊन गेली. ती काय पाहत होती याचा घरच्यांना पत्ता नव्हता, आणि त्यातलं कितीतरी तिने न मागताच समोर येत होतं, हे तिच्या मृत्यूच्या 2022 मधल्या चौकशीत पुढे आलं. तुमची लेक आपण होऊन आली आणि शिक्षा तिलाच झाली. आपल्याला लहानपणी आई रागावली तर मावशी होती, आत्या होती. इथे तिला तुमच्याशिवाय कोण आहे?

आमच्या घरी ठरलेलं होतं, जे दाखवशील त्यापायी मोबाइल जाणार नाही; रात्री मात्र सगळ्यांचे, आम्हा दोघांचेही, स्वयंपाकघरात. मुलगा आता युनिव्हर्सिटीत आहे, अजूनही मनातलं सांगतो. माझ्या भाचीचा मोबाइल काढून घेतला, तर तिने मैत्रिणीचा जुना मिळवला आणि घरी बोलणंच बंद केलं.

तेव्हा मोबाइल परत द्या, शेजारी बसा, 'तुलाही असं करावंसं वाटतं का?' हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर लगेच जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे न्या. तुमच्याशी बोलवत नसेल तर चाइल्डलाइन या मुलांच्या हेल्पलाइनचा 0800 1111 हा नंबर तिच्याजवळ असू द्या.

राहिले बाकीचे दोन प्रश्न. रविवारची मराठी शाळा यंदा बुडली तरी चालेल. आणि सासूबाईंना यातलं काय सांगायचं, ते लेकीला विचारून ठरवा.