ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन : नकाशा आणि घड्याळ

प्रश्न : नॉर्वेतील ट्रोम्सोहून आर्क्टिकमधील स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगइयरब्येनला जाणारे विमान किती अंतर कापते? नकाशावर ते प्रचंड दिसते, तरी प्रवास दोन तासांच्या आत कसा संपतो?

उत्तर : हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर आहे. आपल्या नेहमीच्या मर्केटर नकाशात ध्रुवाकडे जावे तसा भूभाग ताणला जातो. विषुववृत्ताच्या तुलनेत ट्रोम्सोजवळ हा ताण जवळजवळ तिप्पट, तर ७८ अंश अक्षांशावरील लाँगइयरब्येनजवळ पाचपटीच्या आसपास असतो, म्हणून अशी अंतरे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणूनच मोजावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वा तासापेक्षा किंचित कमी वेळात कापले जाईल. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरणे यांमुळे प्रत्यक्षात दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि समोरून वारा असल्यास त्यात आणखी भर पडते. दोन्हीकडची घड्याळे मात्र एकच वेळ दाखवतात.

स्वालबार्ड नॉर्वेच्या अखत्यारीत असूनही शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे आपसांत पारपत्र तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे, त्यामुळे पारपत्र तपासणीसाठी वेगळा वेळ अवश्य राखून ठेवावा.