सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर घर बांधतोय, फूटभर मातीखाली सगळा जांभा दगड. सेप्टिक टँक कसा बसवू?

टाकीची चिंता करू नका. 5 माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची खोली पुरते. तेवढा कातळ ब्रेकरने फुटतो. सुरुंग मात्र लावू नका, खाली भेगा पडतात.

खरा प्रश्न टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आहे. जांभा स्पंजासारखा दिसतो म्हणून गवंडी सांगतात, "खड्डा मारा, पाणी आपोआप जिरतं." जिरतं, पण गाळलं जात नाही. भोकांतून, भेगांतून ते थेट उताराखालच्या विहिरीकडे जातं. वर घर तुमचं, पण खाली पाणी वाडीचं असतं, हे कृपया विसरू नका.

म्हणून कातळात शोषखड्डा न खणता कातळावर भर घाला: निदान दोन फूट वाळू, त्यावर खडी, खडीत भोकांचा पाईप, वर माती आणि कडेने कर्दळ, केळी. भर टाकीपेक्षा उंच येत असेल तर छोटा पंप लागेल. विहिरीपासून किमान 18 मीटर लांब राहा, भेगाळ कातळावर त्याहून जास्तच.

प्लास्टिकची टाकी घेणार असाल तर एक सांगतो. कातळातला खड्डा पावसात हौदासारखा भरतो आणि रिकामी टाकी वर तरंगते, पाईप उखडतात. बसवल्याबरोबर ती पाण्याने भरा आणि खड्ड्यातलं पाणी उताराकडे काढायला चर ठेवा. मैला उपसणारी गाडी टाकीपर्यंत येईल एवढी वाटही आत्ताच सोडा.