सणात पोखरा: पाठीवर सॅक घेऊन जाणाऱ्यांचे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुट्टीत नेपाळमधल्या पोखऱ्याला जाऊ पाहणाऱ्या वाचकांनी बरेच प्रश्न विचारले आहेत. त्यांतले ज्यांवर सगळी सहल अवलंबून असते, ते इथे घेतले आहेत.

दसऱ्याला जावं की दिवाळीला? दोन्ही वेळी तिथेही सण असतो म्हणे. – नाशिक

दिवाळीला जा. नेपाळमध्ये आपल्या दसऱ्याच्या वेळी दशैं असतो आणि दिवाळीच्या वेळी तिहार, पण पाहुण्याच्या दृष्टीने या दोन सणांत मोठा फरक आहे.

दशैं हा घरी परतण्याचा सण. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पंधरा दिवस तो चालतो. सातव्या दिवशी फूलपाती असते. तिच्या आधीचे तीन-चार दिवस काठमांडूतून सगळा देश गावाकडे निघतो, त्यामुळे बसची तिकिटं आठवडाभर आधीच संपलेली असतात. विजयादशमीला टीका, म्हणजे कपाळावर टिळा, लावायचा दिवस येतो आणि वाहतूक जवळजवळ थांबते. लेकसाइड या फेवा तळ्याकाठच्या पर्यटक भागातली काही हॉटेलं सुरू असतात, पण बाकी शहराची दुकानं, कार्यालयं, बँका बंद. एकादशीपासून पुढे हीच गर्दी उलट दिशेने काठमांडूकडे वाहते. दशैंतच जायचं असेल तर फूलपातीच्या किमान तीन दिवस आधी पोखऱ्यात पोहोचा, टीकेच्या दिवशी कुठेही जायचा बेत ठेवू नका आणि परतीचा प्रवास कोजागरीनंतर करा.

तिहार पाच दिवसांचा. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, तिसरा गाईचा आणि लक्ष्मीपूजनाचा, चौथा गोवर्धनाचा आणि बैलाचा, पाचवा भाईटीकेचा. हा सण दारात आणि रस्त्यावर साजरा होतो. कुकुर तिहारला रस्त्यावरच्या कुत्र्यांच्याही गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळावर टिळा दिसतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपासून भैलो आणि देउसी ही सणाची गाणी म्हणणारे गट घरोघर, हॉटेलांतही येतात. त्यांच्यासाठी सुपात तांदूळ, दिवा, सेलरोटी (तांदळाच्या पिठाची तळलेली गोल कडी) आणि पैसे ठेवतात. तुमच्या हॉटेलात गट आला तर नेपाळी शंभराची नोट सुपात ठेवा आणि नाचायला बोलावलं तर जा. भाईटीकेच्या दिवशी मात्र बस कमी असतात, तो दिवस तळ्याकाठीच घालवा.

हवामानही दिवाळीच्याच बाजूने आहे. पोखरा नेपाळच्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात येतं आणि मॉन्सूनचं शेपूट ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कधीकधी रेंगाळतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आकाश धुतल्यासारखं असतं. दुपारी शर्टावर भागतं, रात्री जॅकेट लागतं.

एक तपासून घ्या: तिथल्या पंचांगात सणाचा दिवस आपल्यापेक्षा एखाद्या दिवसाने पुढेमागे येऊ शकतो. बेत नेपाळी पंचांगावरून आखा, आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून नको. आणि फटाके सोबत नेऊ नका. नेपाळमध्ये त्यांच्यावर बंदी आहे, शिवाय ते ना रेल्वेत चालतात ना विमानात.

मुंबई-पुण्याहून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सोनौली हा मार्ग स्वस्त आहे. दिवाळीत जमेल का? – ठाणे

मार्ग चांगला आहे, अडचण तारखांची आहे. मुंबई आणि पुण्याहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या दिवाळीच्या आधी वर्षातल्या सर्वांत जास्त भरलेल्या असतात, कारण उत्तर प्रदेश आणि बिहारचे लोक दिवाळी आणि छठसाठी गावी निघतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि ही तिकिटं पहिल्या काही मिनिटांतच जातात. प्रतीक्षा यादीतलं तिकीट पक्कं होईल या भरवशावर या गाडीत बसू नका. जाताना विमानाने गोरखपूर किंवा थेट काठमांडू गाठा आणि येताना रेल्वे घ्या. छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला असते आणि परतीची लाट त्यानंतर सुटते. म्हणून भाऊबीज ते छठ या तीन-चार दिवसांत गोरखपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत जागा मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. हा मधला काळ धरून परतीची तारीख ठरवा.

गोरखपूरहून सोनौली साधारण तीन तास. सीमा चालत ओलांडायची. भारतीयांना शिक्का लागत नाही, ओळखपत्र मात्र हाताशी ठेवा. पलीकडे बेलहिया, तिथून भैरहवा. भैरहवाहून पोखऱ्याला सिद्धार्थ राजमार्गाने बुटवल, तानसेन, वालिङ, स्याङ्जा असा सुमारे १८० किलोमीटरचा घाटरस्ता आहे. अंतर बघून चार-पाच तासांचा हिशेब करू नका, आठ-नऊ तास धरा. बुटवलच्या उत्तरेला सिद्धबाबा नावाच्या भागात पावसात दरडी पडतात. पाऊस झालेला असेल तर चौकशी करा आणि रस्ता बंद असल्यास नारायणगढ-मुग्लिङमार्गे जा. अंतर वाढतं, पण पोहोचता. रात्रीची बस घेऊ नका. एका रात्रीच्या भाड्याचे पैसे वाचतात, पण दरडीच्या रस्त्यावर अंधारात पुढचं काहीच दिसत नाही.

काठमांडूहून पोखरा सुमारे २०० किलोमीटर. टुरिस्ट बस सकाळी सातच्या सुमारास सुटतात आणि रस्त्याच्या कामांमुळे आठ-दहा तास घेतात. विमान अर्ध्या तासाच्या आत पोहोचवतं. या विमानात उजवीकडची खिडकी मागा. हिमालय उत्तरेला असतो आणि काठमांडूहून निघालेलं विमान पश्चिमेकडे जातं, त्यामुळे जाताना रांग उजव्या बाजूला येते, परतताना डावीकडे.

आधार कार्ड चालतं का? माझी बहीण न्यू जर्सीहून थेट येणार आहे, तिच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) आहे. – कोल्हापूर

आधारवर जाऊ नका. प्रौढ भारतीयांसाठी दोनच कागद खात्रीचे: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, तेही मूळ, फोनमधला फोटो नाही. पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टवरच्यांना वय आणि ओळख दाखवणारी इतर कागदपत्रं चालतात, त्यांत आधारही येतं.

बहिणीला ओसीआयचा इथे काही उपयोग नाही. नेपाळसाठी ती अमेरिकन नागरिकच. विमानतळावर व्हिसा मिळतो: १५ दिवसांचा ३० डॉलर, ३० दिवसांचा ५० डॉलर. ट्रेकला आली तर अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना तिला ३,००० नेपाळी रुपयांना पडेल, तुम्हाला सार्क देशांच्या दराने १,००० ला. परवान्याच्या वेळी दोघींनी आपापला पासपोर्ट दाखवा, नाहीतर दरांचा घोळ होतो.

पैसे कसे न्यावेत? – छत्रपती संभाजीनगर

भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे घासाघीस करायची गरज नाही. भारतीय नोटा न्यायच्या तर शंभराच्या आणि त्याखालच्या न्या. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळने त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती आणि दुकानदार अजूनही त्यांना बिचकतात.

२०२४ पासून फोनपे नावाच्या नेपाळी पेमेंट जाळ्याच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय ॲपने पैसे देता येतात. आपल्याकडच्या त्याच नावाच्या ॲपशी याचा गोंधळ करू नका, ही वेगळी कंपनी आहे. लेकसाइडवर हे सर्रास चालतं. त्यासाठी फोनमध्ये भारतीय सिम राहू द्या आणि दुसऱ्या जागेत नेपाळी सिम टाकून इंटरनेट घ्या. भारतीय सिम काढून टाकलं की यूपीआय ॲप अडतं, आणि हे कळतं ते बहुतेकदा बिल द्यायच्या वेळी.

डोंगरात मात्र रोख. टी-हाउसमध्ये, म्हणजे ट्रेकच्या वाटेवरच्या साध्या गेस्ट हाउसमध्ये, राहणं-जेवण मिळून दिवसाला साधारण अडीच ते साडेतीन हजार नेपाळी रुपये धरा, वर दोन दिवसांचे जास्तीचे. दशैंत एटीएममधली रोकड संपते आणि बँका बंद असल्याने ती लवकर भरली जात नाही. फूलपातीच्या आधी पैसे काढून ठेवा.

तळ्यात माछापुछ्रे शिखराचं प्रतिबिंब दिसतं तो फोटो नेमका कुठून काढतात? लेकसाइडला खोली घेतली तर खिडकीतून दिसेल का? – रत्नागिरी

बहुतेकांची निराशा इथेच होते. माछापुछ्रे (६,९९३ मीटर) तळ्याच्या उत्तरेला आहे. लेकसाइडच्या बऱ्याच भागातून, विशेषतः उत्तरेकडच्या खहरे आणि सेदी बाजूने, मध्ये सराङकोटचा डोंगर आडवा येतो. प्रतिबिंबासाठी तुम्ही तळ्याच्या दक्षिणेला असायला हवं, म्हणजे डॅमसाइडला किंवा पलीकडच्या अनदूच्या काठाला, नाहीतर होडीत, तळ्याच्या मध्यभागी.

वेळ सूर्योदयाची. उन्हाने दरी तापली की वारा सुटतो, पाण्यावर तरंग उठतात आणि दहा-अकरापर्यंत शिखरांवर ढग चढतात. म्हणून सहा वाजता काठावर असा. घड्याळ नेपाळी वेळेवर लावा, ती आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे. आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल तर ती सकाळ अजिबात चुकवू नका, हवेतली धूळ बसलेली असते.

शांत मुक्काम हवा तर खहरे-सेदी, जेवण आणि बसची सोय हवी तर बाराही चौकाच्या आसपास, पहाटेचा देखावा हवा तर डॅमसाइड. डॉर्ममधली खाट साधारण ५०० ते १,००० नेपाळी रुपयांना मिळते. पाच दिवस असतील तर दोन रात्री डॅमसाइडला काढाच.

होडीने अनदूला उतरून शांती स्तूपाला चढा. चढण तीनशे मीटरच्या आसपास, जंगलातून, पाऊण ते एक तास. होडीत लाइफ जॅकेट घालावंच लागतं आणि दर काउंटरवर लिहिलेले असतात. नावाड्याला परतीची वेळ सांगून ठेवा, नाहीतर खाली रस्त्याने मोठा वळसा पडतो.

हातात चार दिवस आहेत. मार्दी हिमालचा ट्रेक होईल का? काही जण तीन दिवसांत करतात. – पुणे

करतात, आणि त्यातले बरेच जण हाय कॅम्पवर डोकं धरून बसतात. जिथून चढाई सुरू होते ते कांडे १,७७० मीटरवर आहे आणि हाय कॅम्प ३,५८० वर. तीन दिवसांच्या बेतात दुसऱ्याच रात्री तुम्ही हाय कॅम्पला झोपता, म्हणजे शरीराला एका दिवसात हजारेक मीटर चढवता. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. सह्याद्रीत कितीही चढलात तरी त्याचा इथे फायदा होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे कांडेच्याही खाली. पाय तयार असतात, पण विरळ हवेची सवय त्याने होत नाही.

नीट बेत पाच दिवसांचा. पहिल्या दिवशी कांडेहून ऑस्ट्रेलियन कॅम्प, पोथना, देउरालीवरून फॉरेस्ट कॅम्प. दुसऱ्या दिवशी लो कॅम्प (सुमारे २,९७०) आणि तिथून बादल डांडा. तिसऱ्या दिवशी हाय कॅम्प, दुपारपर्यंत पोहोचून आराम. चौथ्या दिवशी पहाटे चारला निघून वरचा व्ह्यू पॉइंट किंवा ४,५०० मीटरवरचा बेस कॅम्प आणि उतरून लो कॅम्प. पाचव्या दिवशी सिदिङला उतरून जीपने पोखरा. डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली तर वर जाऊ नका. तिथेच थांबून कमी झाली नाही तर खाली उतरा. औषध घ्यायचं की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा.

चार दिवसांत आनंदाने होईल असा दुसरा बेत देतो: बागलुङ बस पार्कवरून कांडेची बस, दीड-दोन तास चढून ऑस्ट्रेलियन कॅम्पला मुक्काम. दुसऱ्या दिवशी लांद्रुक. तिसऱ्या दिवशी मोदी नदीपर्यंत उतरून पायऱ्यांनी घांद्रुक, आणि चौथ्या दिवशी तिथून जीप किंवा बसने परत. तिहारमध्ये घांद्रुकसारख्या गुरुंग समाजाच्या गावात संध्याकाळ मिळणं हे हाय कॅम्पच्या सूर्योदयाइतकंच मोलाचं आहे.

सणाचा फटका इथेही बसतो. गाइड आणि भारवाहक घरी गेलेले असतात, टी-हाउस कमी माणसांवर चालतात. म्हणून गाइड दोन-तीन आठवडे आधी ठरवा. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरनी नोंदणीकृत एजन्सीमार्फत परवानाधारक गाइड घ्यायचा नियम आहे. परवाना सुट्ट्या लागण्याआधी डॅमसाइडच्या पर्यटन कार्यालयातून काढून ठेवा. भारवाहकाच्या पाठीवर वीस किलोपेक्षा जास्त ओझं देऊ नका, आणि त्याने सण सोडून तुमच्यासोबत काम केलं असेल तर सणाचा वेगळा खर्च द्या. तो द्यायची तिथे रीत आहे आणि तो त्याचा हक्कही आहे.

तुमची स्वतःची सॅक ४० लिटरची, सात-आठ किलोंची पुरे. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग लेकसाइडला भाड्याने मिळतात. बूट मात्र घरून, वापरून मऊ झालेले न्या. ऑक्टोबरात फॉरेस्ट कॅम्पच्या ओल्या जंगलात जळवा असतात, मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा.

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळाचा इशारा असेल तर वर जाऊ नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाचा उरलेला जोर अन्नपूर्णा भागात हिमवादळ होऊन कोसळला आणि किमान ४३ जण गेले. आदल्या दिवशीपर्यंत आकाश निरभ्र होतं.

आम्ही शाकाहारी आहोत. गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी टीकेला घरी बोलावलं तर काय करायचं? – सांगली

जा. जाताना फळं किंवा मिठाई न्या. घरातली मोठी माणसं तांदूळ, दही आणि लाल अबीर कालवून कपाळावर टीका लावतात, कानाशी किंवा डोक्यावर जमरा ठेवतात, आशीर्वाद देतात आणि वर दक्षिणा देतात. दक्षिणा परत करू नका, ती आशीर्वादाचाच भाग आहे. जमरा म्हणजे घटस्थापनेला पेरलेल्या जवाचे, मक्याचे अंकुर, अंधारात वाढवल्यामुळे पिवळे. आपल्याकडे घटातलं धान्य दसऱ्याला टोपीत खोवतात, तेच हे.

जेवण मात्र बकऱ्याचं असतं. शाकाहारी असल्याचं आमंत्रण घेतानाच सांगा, ऐनवेळी ताटावर नाही. दाल-भात, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), भाजी सहज होते. अष्टमी-नवमीला विंध्यवासिनी मंदिरात पशुबळी दिले जातात. ते बघवणार नसेल तर त्या दोन दिवशी मंदिराऐवजी बेगनास तळ्याला जा. तिहारात ही अडचण येत नाही, तेव्हा सेलरोटी आणि फळांचा मान असतो.

दिवाळीला रजा नाही. नाताळच्या सुट्टीत गेलं तर? – गोवा

चालेल. २८ डिसेंबर ते १ जानेवारी लेकसाइडवर रस्ता महोत्सव भरतो, आणि ३० डिसेंबरच्या सुमारास गुरुंगांचं नववर्ष, तमु ल्होसार, येतं. खोली लवकर राखून ठेवा, कारण नेपाळचेही लोक याच आठवड्यात पोखऱ्यात उतरतात. सकाळी तळ्यावर धुकं असतं, ते विरायला नऊ-दहा वाजतात, म्हणून प्रतिबिंबाचा हट्ट सोडून सराङकोटच्या वरून सूर्योदय बघा. मार्दीचा हाय कॅम्प या दिवसांत बर्फात असू शकतो, तेव्हा ऑस्ट्रेलियन कॅम्प आणि धाम्पुसपर्यंतच जा.