खराटा हाय का?

प्रश्न : आमची चर्चची मंडळी लहान, चाळीसेक कुटुंबं. दर नाताळला नदीकाठच्या वस्तीत ब्लँकेटं वाटतो, फोटो काढतो, मग वर्षभर कुणी कुणाला ओळखत नाही. तरुण संघ म्हणतो, मदतीसोबत येशूच्या संदेशाची पत्रकं देऊ. वडील म्हणतात, उगाच वाद नकोत. मिशनचं काम करायचं तरी कसं?
– एक पाळक, सांगली

उत्तर : पाळकसाहेब, सलाम. मी चौतीस वर्षं मिरजेत नर्स होते, त्यामुळे उत्तर जरा वॉर्डातलं येणार.

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. पाणी उतरल्यावर आमच्या महिला मंडळानं तीन दिवस पुलाव वाटला. वाटत सगळेच होते, बिस्किटांचे पुडे रस्त्यात पडलेले. चौथ्या दिवशी सांगलीवाडीत एका दारात डबा पुढं केला, तर वहिनी म्हणाल्या, "बाई, जेवणाचं बास झालं. खराटा हाय का?" आत गुडघाभर गाळ, आणि त्या ताटलीनं ओढत होत्या. विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी खराटे, फावडी, फिनेल नेलं. पोरं गाळ उपसत होती, आणि संडे स्कूलच्या दोघी बाई कट्ट्यावर बसून भिजलेली रेशनकार्डं, पासबुकं उलगडून पंचनाम्यासाठी लावून देत होत्या. त्या गल्लीत आजही मला चहाला हाक येते.

मिशनरी वॉनलेस डॉक्टरांनीही गरज बघूनच काम केलं: 1894 साली मिरजेत दवाखाना उभा केला. पुढे क्षयाच्या रोग्यांसाठी वॉनलेसवाडीला वेगळं सॅनेटोरियम झालं. क्षयाला घरात कोण ठेवून घेणार होतं?

पत्रकं मदतीच्या पिशवीत घालू नका. पिशवीची गरज असलेला माणूस पत्रकाला नाही कसा म्हणेल? कुणी आपणहून विचारलं तर मात्र आडपडदा नको. तरुण संघाला हुरूप असेल तर अंगणात टाळ-मृदंगावर भजन लावा, फाटक उघडं ठेवा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

ब्लँकेटं यंदा राहू द्या. पावसाआधी काठावरच्या दहा घरी नुसते बसायला जा, वही-पेन न घेता. आणि चर्चच्या हॉलची दुसरी किल्ली करून शेजाऱ्यांकडे ठेवा. 2019 ला आमची एकुलती एक किल्ली खजिनदारांच्या खिशात होती आणि खजिनदार कोल्हापुरात अडकले होते.